वडजाईचा सातवा गडी

वडजाई गावात गेनू नावाचा एक भोळा गडी राहत होता. त्याला जे सांगावं ते तो करायचा. तेवढंच करायचा, आणि तसंच्या तसं करायचा. आवाज मात्र असा की त्यानं आपल्या म्हशीला हाक मारली तर शेजारच्या गावची म्हैस मान वळवून बघायची. म्हणून जत्रेच्या आधी टेम्पोला कर्णा बांधून कबड्डीच्या सामन्याची पुकार करायचं काम त्याच्याकडे असायचं.

त्या वर्षी सामना वडजाई आणि सोनकडं या दोन गावांत होता. जे गाव जिंकेल त्याचा ढोल पालखीच्या पुढे वाजणार. वडजाईचा ढोल कित्येक वर्षं मागेच वाजत होता, आणि ढोलवाले धूळ खाऊन खाऊन कंटाळले होते. पण दोन्ही संघांची दशा वाईट होती. सोनकड्याचे निम्मे गडी लंगडत होते. वडजाईत एकाचा खांदा निखळलेला, एकाचा गुडघा सुजलेला, आणि एक तर सरावाला येता येताच बांधावरून पडलेला. धड असे मोजकेच उरले होते.

संघाचा कारभार दौलतमामांकडे होता. त्यांनी गेनूला बोलावलं. सोनकड्याला जा, त्यांच्यात कोण कोण दुखावलंय ते विचार, आपल्यातलंही विचार आणि मग कर्ण्यावरून सांग, म्हणजे लोकांना सामना कसा होणार याचा अंदाज येईल, असं ते म्हणाले.

गेनू गेला. एकेकाला भेटला. विचारून आला. संध्याकाळी टेम्पो गावातून फिरायला लागला.

"ऐका हो ऐका," गेनू म्हणाला. "सोनकड्याचा सर्जेराव फार दुखावलाय. मेव्हण्याच्या लग्नात त्याला कुणी फेटा बांधला नाही. आपला ज्योतीरामही दुखावलाय. त्याची बायको म्हणते, हा गडी धरण्यापेक्षा दळण आणेल तर बरं."

ज्योतीराम वडजाईचा सगळ्यात भक्कम गडी. एकदा पाय धरला की सोडायचा नाही. तो त्या वेळी चावडीपाशी चार लोकांत बसला होता. तो उठला, घरी गेला, पिशवी भरली आणि तसाच बहिणीच्या गावाला निघून गेला. जत्रा होईपर्यंत तोंड दाखवणार नाही म्हणाला.

मामांनी कपाळावर हात मारून घेतला. पण गेनूवर रागावून उपयोग नसतो, हे त्यांना माहीत होतं. ते शांतपणे म्हणाले, "गेनू, मनाचं दुखणं विचारायचं नाही. अंग दाबून बघायचं. ओरडला, की समजायचं गडी जायबंदी."

"एवढंच ना," गेनू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सामन्याचे पंच एसटीनं येणार होते. माने गुरुजी त्यांचं नाव, माणूस कडक. त्यांची पिशवी घ्यायला गेनूला पाठवलं. गुरुजी एसटीतून उतरले. गेनूनं पिशवी घेतली, खाली ठेवली आणि त्यांचा खांदा दाबला. गुरुजी गप्प. दंड दाबला. गुरुजी नुसते बघत राहिले. मग त्यानं दोन्ही हातांनी बरगड्या दाबल्या. गुरुजींना गुदगुल्या फार होत. ते असे किंचाळले की कंडक्टरनं निघालेली एसटी थांबवली.

गेनू हळहळत टेम्पोकडे गेला आणि त्यानं कर्ण्यावरून पंच जायबंदी झाल्याची पुकार केली. जरा वेळानं मामा जत्रेच्या मैदानात आले, तर सामना होत नाही असं समजून पाळणेवाला आपला आकाशपाळणा उतरवत होता.

मामांनी आधी गुरुजींची माफी मागितली, मग पाळणेवाल्याची समजूत काढली, आणि मग गेनूला बाजूला घेतलं. मोठं कुणी आलं तर अंगाला हात लावायचा नाही, लांब उभं राहायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, या, आत या, तुमचीच वाट बघत होतो.

गेनूला हे पटलं. त्यालाही गुरुजींबद्दल वाईट वाटत होतं.

त्याच दिवशी दुपारी सराव चालला होता. गडी धावून दमले होते आणि मैदानात पाय पसरून पडले होते. कडेला गेनू उभा होता. तेवढ्यात दावं तोडून पाटलांची म्हैस आली. गावात तिच्याएवढं मोठं दुसरं कुणी नव्हतं. गेनू लांब झाला. त्यानं हात जोडले.

"या, आत या," तो म्हणाला. "तुमचीच वाट बघत होतो."

म्हैस आत गेली. बाकीचे उठून पळाले. एकाला डोळा लागला होता. त्याच्या पावलावरून ती सावकाश चालत गेली, पलीकडे जाऊन उभी राहिली आणि रवंथ करू लागली. तो गडी पुढे महिनाभर एकाच पायात चप्पल घालत होता.

आता धड असे बरोबर सातच उरले. कबड्डीला सातच लागतात, म्हणून मामांनी देवापुढे नारळ फोडला. मग गेनूच्या हातात एक काठी दिली आणि सांगितलं, जो खेळणारा नाही तो मैदानात येताना दिसला, की काठी उगारायची आणि वेशीबाहेर पिटाळायचा.

सामन्याच्या सकाळी वडजाईचा मुख्य गडी भैरू अंग मोकळं करत असताना त्याचा घोटा मुरगळला. मामांनी हाडवैद्य बाबालालचाचांना निरोप धाडला. चाचांनी हात फिरवला की माणूस चालायला लागायचा. ते तेलाची बाटली घेऊन लगबगीनं आले. गेनूनं त्यांना अडवलं.

"चाचा, तुम्ही खेळणार आहात का?"

"या वयात? नाही रे बाबा," चाचा हसून म्हणाले.

गेनूनं काठी उगारली. चाचा म्हातारे होते, पण त्या दिवशी ते किती पळू शकतात हे गावानं पाहिलं. वेशीबाहेर एसटी उभी होती. ते तिच्यात चढले आणि थेट लेकीकडे गेले. भैरूचा घोटा वांग्याएवढा झाला.

आता सहा उरले. मामांनी आजूबाजूला बघितलं. सगळे बांधलेले, लंगडणारे, गळ्यात हात अडकवलेले. धडधाकट असा एकटा गेनू होता.

गेनूला गडी म्हणून उभं केलं. त्याला फार आनंद झाला. तो कोपऱ्यात उभा राहिला आणि तिथंच उभा राहिला. सोनकड्याच्या गड्यांनी त्याला मोजलंच नाही, त्यामुळे त्याला कुणी शिवलंही नाही. जत्रेच्या सामन्यात एकदा बाद झालेला गडी परत आत येत नसे, आणि दोन्हीकडचे दुखरे गडी एकेक करून बाद होत गेले. शेवटी दोन्हीकडचे गुण सारखे झाले, सोनकड्याचा एकटा सर्जेराव उरला, तोही लंगडत, आणि वडजाईचा एकटा गेनू. शेवटची चढाई वडजाईची होती.

ढोलवाल्यांनी ढोल गळ्यात अडकवून ठेवले. मामा रेघेपाशी आले. या वेळी काही चुकायला नको, म्हणून त्यांनी एकेक शब्द तोलून सांगितला.

"गेनू, दम धरायचा आणि कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं. दम सुटला की गडी बाद. सर्जेरावला शिवायचं आणि तडक घरी यायचं. मधे थांबायचं नाही. कुणी काही ओरडलं तरी ऐकायचं नाही."

गेनूनं मान हलवली. कबड्डी कबड्डी म्हणत तो आत शिरला. सर्जेरावला पळता येत नव्हतं. गेनूनं त्याच्या खांद्याला हात लावला. लोकांनी टोप्या उडवल्या. मधली रेघ दोन पावलांवर होती.

पण गेनूचं घर दुसऱ्या बाजूला होतं, देवळाच्या मागे.

तो वळला आणि सोनकड्याची मागची रेघ ओलांडून निघाला. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. मामा ओरडले. गेनूनं ऐकलं नाही. पाळण्याखालून, भजीवाल्याच्या कढईला वळसा घालून, देवळामागून कबड्डी कबड्डी करत तो गेला. इकडे माने गुरुजींनी शिट्टी वाजवली, गडी बाद दिला आणि जिंकल्याची ढाल सोनकड्याला दिली.

गेनूची आई भाकरी थापत होती. गेनू आत आला, पाटावर बसला आणि मग श्वास सोडला.

थोड्या वेळानं दौलतमामा दारात येऊन पोचले. मैदानापासून पळत आले होते. चौकट धरून ते उभे राहिले. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं, पण छाती भात्यासारखी चालली होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

गेनूनं त्यांच्याकडे बघितलं. त्याला फार वाईट वाटलं.

"मामा, तुमचा दम सुटला," तो म्हणाला. "तुम्ही बाद."