मठातला मोडेम

“...पण यात माझा दोष कसा, आक्का?”

सुनेत्रा उभ्यानेच विचारत होती. बोटांना धूळ लागली होती, केस कपाळावर आले होते.

आक्का, म्हणजे त्या डोंगरावरच्या मठाच्या गुरू, डोळे मिटून बसल्या होत्या. खिडकीतून धुकं आत येत होतं. संगणक, समई, भिंत... सगळंच जरा दूर गेल्यासारखं दिसत होतं.

“नेटवर्कचं कार्ड चालतं,” सुनेत्रा म्हणाली. “त्याच्यामुळे पोथीशाळेतला संगणक इथून दिसतो. मोडेमही चालतो. खालच्या मठाला फोन लागतो. एकेकटे दोघंही उत्तम. एकत्र बसवले की दोघंही मुके.”

“मग?”

“मग काय! मोडेमचं सॉफ्टवेअर जुळत नसेल म्हणून तेही बदलून पाहिलं. मी कॉलेजात पहिली आले होते, आक्का.”

“ऐकलंय. तूच सांगतेस अधूनमधून.”

सुनेत्राने ओठ चावला.

खालच्या मठातल्या म्हाताऱ्या साधकांना आता डोंगर चढवत नव्हता. त्यांना फोनच्या तारेवरून आत घ्यायचं, इथल्या पोथ्या तिथे वाचू द्यायच्या. सुनेत्राला हे जमलं, तर आक्का तिला शिष्या करून घेणार होत्या. नाही जमलं, तर उद्या सकाळची एसटी.

तिला एसटीत बसायचं नव्हतं.

“तुम्ही निदान मला—” सुनेत्रा म्हणाली.

“तू निदान मला—” आक्का म्हणाल्या.

दोघी थांबल्या.

“माझं म्हणणं एवढंच—”

“माझं म्हणणं एवढंच—”

पुन्हा शांतता. सुनेत्राने तोंड उघडलं की आक्कांचंही उघडत होतं. ती गप्प झाली की त्याही गप्प.

“अहो, मला बोलू तरी द्या!” ती ओरडली. “तुम्ही मोठी माणसं सगळी सारखी! आम्ही तोंड उघडलं की तुमचंही सुरू. मग धड तुमचं कळत नाही, धड आमचं...”

ती थांबली.

धुकं संगणकाच्या पडद्यावर चढलं होतं. तिने ते तळहाताने पुसलं.

“आक्का... दोघं एकदम बोलताहेत.”

“कोण?”

“कार्ड आणि मोडेम. संगणकाला हाक मारायच्या वाटा वेगवेगळ्या असतात. मी दोघांना एकच वाट दिली.”

“मग एकाला दुसरी दे.”

“कार्डाला देता येत नाही. त्याचं सॉफ्टवेअर जुनं, त्याला तेवढी एकच वाट ठाऊक. मोडेम नवा आहे. तो सरकेल.” बोलता बोलता तिचा चेहरा पुन्हा तापला. “म्हणजे इथेही तेच! जुनं जागचं हलणार नाही, नव्याने सरकायचं. घरी तेच, कॉलेजात तेच. निदान मठात तरी...”

आक्का उठल्या.

गुडघे वाजले. भिंतीला धरून त्या दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्याशी, उघड्या फरशीवर बसल्या. गुरूंच्या गादीवरची चादर तेवढी चुरगळलेली राहिली.

“हे काय, आक्का?”

“सरकले.”

सुनेत्रा संगणकाकडे वळली. मोडेमला दुसरी वाट दिली, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. मग खालच्या मठाला फोन करून, आता तुमच्या संगणकावरून इकडे लावा, असं सांगितलं.

वाट पाहिली...

मोडेमने शीळ घातली. पलीकडून कुणीतरी तशीच, जरा जाड शीळ घातली. मग खरखर, जणू वाळक्या पानांतून कुणी सावकाश चढून येतंय. पोथीशाळेतलं एक पान पडद्यावर उमटू लागलं, ओळीमागून ओळ.

सुनेत्रा उंबऱ्याकडे वळली.

“मग... झाले मी शिष्या?”

आक्का धुक्यात कुठेतरी हसल्या.

सुनेत्राने रिकाम्या गादीकडे पाहिलं. तिचा स्वभाव तिला गप्प बसू देईना.

“की आता गादीवरच बसू?”

“थोडं थांब,” आक्का म्हणाल्या. “मोकळी राहू दे... खालून कुणीतरी येतंय.”