रॉकेलच्या पोटाशी सोडियम

आजपासून जुई बालवाडीत जाणार. तिथल्या गर्दीत ती हरवली तर, या काळजीने मला झोप लागली नव्हती. सकाळी वेणी घालताना मी तिला गोष्ट सांगितली. बालवाडीच्या मुलीला इलेक्ट्रॉन सांगणारी आई मीच!

खूप पूर्वी बरणीतल्या रॉकेलने सोडियमला पोटाशी धरून ठेवलं होतं. “बाहेर जाऊ नकोस रे बाळा, पाण्यात पडलास तर पेटशील.”

एकदा क्लोरीन आला. “तुझ्याकडे एक इलेक्ट्रॉन जास्त, माझ्याकडे एक कमी. येतोस?”

सोडियम गेला आणि दोघांचं मीठ झालं. मीठ मजेत पाण्यात उतरलं. पेटलं नाही, पण दिसेनासं झालं. रॉकेल बरणीतून हाका मारत राहिलं.

मी घातलेली वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली.

जुई म्हणाली, “अगं आई, पाणी चाखलं की कळतं ना, तो आहे ते!”