देवीचे ओले डोळे

सज्जनहो, डोंगरकपारीतल्या करंजपाड्याला कांबळगिरी महाराज पिंपळाखाली धुनी लावून बसले होते, त्या वर्षीची ही गोष्ट. गावात पटकीची साथ आली होती. पाटलांनी, सखोजीरावांनी, विहिरीवर झाकण घालून कुलूप ठोकलं. वाडीवरच्या लोकांनी ओढ्याचं गढूळ पाणी प्यावं, असा हुकूम! वाडीत लखमा राहायचा. बोहाड्याची, म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाची, सोंगं घडवणं हे त्याचं काम. त्याची लेक यसू "पाणी, पाणी" करत त्याच्या मांडीवर गेली.

आणि तरी बोहाडा आलाच. कागदाचा लगदा आणि मेथीचं पीठ कालवून लखमा मुखवटे करू लागला. राक्षसाचा राग, विदूषकाचं हसू, सगळं झालं. शेवटी देवी राहिली. तिचे डोळे उपाशीपोटी, सगळ्यांच्या शेवटी रेखायचे, ही रीत. ते वटारलेले हवेत, म्हणजे रोग पळतो. पण लखमाने कुंचला टेकवला आणि देवीचे डोळे भरून आले!

देवीचं सोंग घ्यायचा मान पाटलांच्या घरचा. मुखवटा बघून ते खेकसले, "देवी कधी रडते का रे? प्यायलास का काय?"

धुनीपाशी बसलेले महाराज म्हणाले, "पाटील, तिने पाहिलं, तेच तिच्या डोळ्यांत आलं."

"गोसाव्याला सोंगातलं काय कळतंय!" पाटील हसले. दुसरा मुखवटा करायला वेळ नव्हता, म्हणून तोच चढवून दिवेलागणीला नाचायला उतरले.

संबळ थांबला. पाटील मुखवटा काढू लागले, तो निघेना! दोघांनी ओढला, तर कातडी सोलून रक्त आलं. कुलूप काढून विहिरीचं पाणी आणलं, हंड्यावर हंडे ओतले. लगदाच तो, भिजायला नको? पण पाणी नुसतं ओघळून जात होतं. आतून पाटलांचा जीव घुसमटायला लागला.

महाराज म्हणाले, "ज्याने डोळे रेखले, त्याला बोलवा."

लखमा आला. मरू दे मेल्याला, असं त्याच्या मनात आलं. खोटं कशाला सांगू! तो तसाच उभा राहिला. तेवढ्यात मुखवट्याआडून घोगरा आवाज आला, "पाणी... लखमा, पाणी..."

लखमा खाली बसला, त्याने पाटलांचं डोकं मांडीवर घेतलं.

"माझी यसूपण अशीच म्हणत होती, पाटील. असंच डोकं होतं हिथं."

पाटलांची छाती हुंदक्यांनी गदगदू लागली. उभ्या जन्मात कुणी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आणि काय सांगावं! हंड्यांनी न भिजलेला लगदा आतून ओला झाला. लखमाने बोटं घातली आणि तो हलकेच सोलून काढला.

पाटील महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझं काय देणं लागतोस? तिकडे जा."

पाटलांनी लखमाच्या पायांवर डोकं ठेवलं.

"कुलपाची किल्ली द्या," लखमा एवढंच म्हणाला.

पाटलांनी कमरेची किल्ली त्याच्या हातात ठेवली, भरलेला हंडा स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि लगदा चिकटलेल्या तोंडाने वाडीची वाट धरली. पहिला हंडा त्यांनी लखमाच्या दारात उतरवला. त्या घरात पाणी मागणारं आता कुणी नव्हतं. रिकाम्या उंबऱ्यापुढे पाटील किती तरी वेळ वाकून राहिले.