तीन तोंडांची गुहा

तीन रानं जिथे एकमेकांना भिडत, तिथे फार पूर्वी एक गुहा होती. तिला तीन तोंडं, प्रत्येक रानात एक. आत बसलेलं तरस येईल त्याला नको ते दाखवायचं. बाहेर आलेली पिल्लं आईच्या नजरेला नजर देत नसत आणि झोपेत दचकत.

तिन्ही रानांचे राजे फार शहाणे होते, असं ते स्वतःच सांगत. सिंहमहाराजांनी आपल्या बाजूच्या तोंडाशी पोपट बसवला. तो विचारी, "तू मोठा आहेस का?" पाडस म्हणे, "हो." पोपट म्हणे, "मग जा." वाघमहाराजांनी आपलं तोंड काट्यांनी बुजवलं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. त्यांच्या रानातली पिल्लं सिंहाच्या बाजूने आत जाऊ लागली. अस्वलराजे म्हणाले, "तरस बसतं तो कोपरा माझ्या हद्दीत येत नाही."

शेवटी एका पाडसाची आई तिघांसमोर उभी राहिली. "तिन्ही तोंडं एकाच दिवशी बुजवा, महाराज. हद्दी तुम्हाला आहेत, पोरांना नाहीत."

मग गुहेसमोरच बैठक भरली. उंच खडकावर कोणी बसायचं, यात सकाळ गेली. पहिला दगड कोणाच्या हस्ते लावायचा, यात दुपार गेली. तेवढ्यात सिंहाच्या बाजूच्या तोंडातून तिघांचेही युवराज खाली मान घालून बाहेर आले.

सिंह पोपटावर गुरकावला, "यांना आत कसं सोडलंस?"

"नियमाप्रमाणे विचारलं होतं, महाराज," पोपट म्हणाला. "तिघंही हो म्हणाले."