आंबेखोलच्या गडग्यातली खिंड

आंबेखोलात कुठल्याही दोन घरांमधला गडगा पाहा. दगडांचा, चांगला छातीएवढा, पण मध्ये एक माणूस जाईल एवढी खिंड. फाटक नाही, कडी नाही. पाहुण्यांना वाटतं, काम अर्धवट राहिलंय. तसं नव्हे.

असं सांगतात, की पूर्वी इथे झिलू परब नावाचा एक तिरसट माणूस राहायचा. शेजारी भागूकाकी, साऱ्या गावची सुईण. झिलूच्या फणसाची फांदी काकीच्या अंगणात झुकली आणि तिच्यावरचे फणस कुणाचे, यावरून दोघांचं बोलणं तुटलं. झिलूने डोंगरापासून खाडीपर्यंत सलग गडगा घातला. तेवढ्यावर थांबला तर तो झिलू कसला! देवीपुढे उभा राहून म्हणाला, याचा एक धोंडा जरी मी हलवला, तर माझा निर्वंश होवो.

पुढे त्याची बायको येसू गरोदर राहिली, तीही लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर. एका दुपारी अवचित कळा सुटल्या आणि मूल अडलं. माहेर खाडीपलीकडे, उधाणाच्या भरतीत होडी सुटेना. गडग्याला वळसा घालायची वाटही पाण्याखाली. येसूचं ओरडणं ऐकून काकी आपणहून गडग्याशी आली, पण गुडघा कायमचा धरलेला.

"ह्या पायान उडी मारू काय रे? धोंडे काढ!"

"काकी, देवीची शपथ आसा. प्वोर जायत माजा!"

"नाय काढलंस तर दोघांयका घालवशीत. देवीक काय सांगूचा ता मी सांगतंय."

झिलू रडत रडत धोंडे उपसू लागला. बोटं सोलवटली. त्या खिंडीतून काकी आत गेली, आणि दिवेलागणीला मुलगी रडली.

तरी झिलूचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाराव्या दिवशी काकी त्याला देवळात घेऊन गेली. मूर्तीला कौलाच्या पाकळ्या लावल्या आणि म्हणाली, "बाये, ह्येना शपथ मोडली ती माज्या पायासाठी. घेवचा तर माजो पाय घे." उजवी पाकळी पडली, म्हणे. देवीने माफ केलं. पाय काही तिने घेतला नाही; तो काकीला शेवटपर्यंत दुखतच राहिला.

झिलूने ती खिंड पुन्हा बुजवली नाही, आणि पुढे गावानेही आपापल्या गडग्यात तशीच खिंड ठेवली. बाळाच्या कानात कुर्र करायचा मान सगळीकडे आत्याचा. आंबेखोलात मात्र आजही बाराव्या दिवशी बाळाला खिंडीतून पलीकडे नेतात आणि नाव शेजारीण सांगते. आत्या जरा फुरंगटते, पण फार नाही. तिचंही नाव इथे शेजारणीनेच सांगितलेलं असतं.