न खाजणारा चट्टा

एकदा एका वृद्ध वैद्याकडे एक शिष्य त्वचारोगांचे निदान शिकत होता. गजकर्ण, शिबे, खरूज ओळखण्यात त्याची नजर इतकी तयार झाली होती की, रोगी उंबरा ओलांडतो न ओलांडतो तोच हा मलमाची डबी शोधू लागे. हुशार माणसांना ही घाई फार लवकर जडते.

त्याच्याकडे एक कापडाचा व्यापारी येत असे. चिमटीत धरून कापडाचा पोत सांगावा तर त्यानेच. त्याचे पोट त्या बोटांवर होते. त्याच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर, उठावदार कडेचा एक गोल चट्टा होता. शिष्याने पाहताक्षणी गजकर्ण ठरवून मलम दिले. पुढे दर खेपेला तो विचारी, "काही त्रास?" व्यापारी हसून म्हणे, "छे हो, काहीच त्रास नाही. खाज नाही की आग नाही." शिष्य खूश होऊन तेच मलम पुन्हा देई. चट्टा मात्र हळूहळू पसरत होता.

एके दिवशी हे बोलणे वैद्यांच्या कानावर पडले. ते हातातले काम टाकून उठले आणि व्यापाऱ्याजवळ येऊन बसले.

"शेठ, डोळे मिटा. जिथे स्पर्श कळेल तिथे दुसऱ्या हाताचे बोट ठेवा."

त्यांनी कापसाची वात कोपराजवळ टेकवली. बोट नेमके तिथे आले. मनगटावर टेकवली, तिथेही आले. मग चट्ट्यावर टेकवली. बोट हलले नाही. तेव्हा वैद्यांनी एक स्वच्छ सुई घेऊन त्याच जागी टोचली. रक्ताचा बारीक थेंब वर आला.

व्यापारी डोळे मिटून निवांत बसला होता. "थांबलात का, वैद्यबुवा? चालू द्या की."

त्या थेंबावरून शिष्याची नजर हटेना, आणि व्यापाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे त्याला धाडस होईना.

वैद्यांनी व्यापाऱ्याचा हात आपल्या हातात धरला. "शेठ, हा कुष्ठरोग असावा. आजच सरकारी दवाखान्यात जा, तिथे तपासून खात्री करतील. औषध आहे, रोग पूर्ण बरा होतो. पण आणखी उशीर केलात, तर बोटांची जाणीव गेली की ती परत येईलच असे नाही."

व्यापारी पांढराफटक पडला आणि उठून निघून गेला.

"गुरुजी," शिष्य म्हणाला, "पण ते स्वतःच म्हणत होते, त्रास नाही."

"गजकर्ण असते तर त्याने शेठना स्वस्थ बसू दिले असते का? खाज ही कातडीची तक्रार असते. इथे तक्रार करणारी जागाच मुकी झाली होती, आणि तू तिचीच साक्ष काढत बसलास. चट्टा वाढताना तुला दिसत होता. तरी 'त्रास नाही' हे ऐकायला गोड वाटले, म्हणून तू हात लावून पाहिले नाहीस." मग वैद्यांनी विचारले, "असे आणखी कोणाला घरी पाठवले आहेस?"

शिष्याला गालावर फिकट डाग असलेली एक बाई आठवली. तीही हसूनच परत गेली होती. त्याने दुसरी स्वच्छ सुई आणि कापसाची वात उचलली, पायात चपला सरकवल्या आणि तिचे घर विचारत तो निघाला.

आपल्याही घरात कुणीतरी तक्रार करायचे थांबलेले असते, आणि आपण त्याला सुखी समजून चालतो.