घाटजाईच्या माळावरची जोडरांग

कुसवंडे गावाच्या वर, घाटजाईच्या देवळासमोर सपाट माळ आहे. माळावर गुडघाभर उंचीच्या दगडांच्या दोन रांगा समोरासमोर आहेत आणि मधे बैलगाडी जाईल एवढी वाट. पाहुणे येतात, दगडांना वीरगळ ठरवतात आणि फोटो काढतात. देवळाचे म्हातारे गुरव धोंडीबा त्यांना काढू देतात आणि मग सांगतात, की इथे कोणी लढले नाही, हे नवरा-बायकोने उभे राहायचे दगड आहेत. चैत्री पुनवेला गावातली जोडपी इथे उभी राहतात, एका रांगेत पुरुष आणि समोर बायका. पहिले जोडपे देवीची ओटी भरते, हातात हात घालून हलगीच्या तालावर मधल्या वाटेने खाली येते आणि शेवटच्या दगडांपाशी उभे राहते. बाकीची एकेक दगड वर सरकतात. ही रीत गोऱ्या साहेबांच्या नाचावरून आली, असे सांगतात.

पूर्वी गावात मान दोन घरांना होता, धनावड्यांना आणि उतेकरांना. पहिली ओटी कोणाची, यावर त्यांचे कधी जमले नाही. आपल्याकडे पोटाला कमी पडले तर माणूस सोसतो, मानात तसूभर कमी झाले की काठी काढतो. एका जत्रेत तशा काठ्या निघाल्या, पाच-सहा डोकी फुटली आणि जत्राच बंद पडली. सात वर्षे देवीची ओटी कोणी भरली नाही म्हणे.

या भांडणात सापडली भिवरा. ती उतेकरांची लेक आणि धनावड्यांची सून. माहेर हाकेच्या अंतरावर, पण तिकडे पाऊल टाकायची सोय नव्हती. आईला ती पाणवठ्यावर लांबूनच पाही. सातव्या वर्षी तिचा सासरा खंडोजी याने सांगून टाकले, की चैत्री पुनव झाली की सुनेला बापाच्या दारात पोचवायचे आणि रावजीचे दुसरे लग्न लावायचे. तिचा नवरा रावजी बापापुढे तोंड उघडणाऱ्यातला नव्हता. भिवराला नवरा हवा होता आणि आईही हवी होती. जगावेगळे असे ती काहीच मागत नव्हती.

त्या काळी घाटाचा रस्ता बांधणारे साहेब टेकडीवरच्या बंगल्यात राहत. भिवरा तिथे गवत कापायला जाई. नाताळात एका दुपारी हिरवळीवर साहेब आणि मडमा समोरासमोर रांगा करून उभ्या राहिल्या. एकाने व्हायोलिन काढले. सगळ्यात वरचे जोडपे हातात हात घालून रांगांच्या मधून नाचत खाली गेले आणि तळाला उभे राहिले. दुसरे जोडपे आपोआप पहिले झाले. चारचौघांत नवऱ्याचा हात धरलेला पाहून भिवराने आधी तोंडाला पदर लावला. पण ज्याच्या नुसत्या टोपीला मुकादम घाबरत, तो मोठा साहेब आपल्या कारकुनाच्या खाली जाऊन उभा राहिला आणि तरीही हसत होता. हे काही तिच्या डोक्यात बसेना.

“मोठ्या सायबाला खाली हुबं केलं,” तिने खानसामा दस्तगीरला विचारले. “त्येचा मान गेला न्हाई का?”

“जातोय कुठं? खेळच तसा हाय. वरचा खाली जातो, खालचे एकेक पाऊल वर येत्यात. समद्यांची पाळी येती.”

पुनवेच्या आदल्या दिवशी देवळात पंच बसले. सून धाडायची ती चारचौघांच्या साक्षीने, म्हणून बसले होते. भिवरा पदर सावरून पुढे आली आणि बंगल्यावर पाहिलेले सगळे सांगून तिने ओटीही तशीच पाळीपाळीने भरू या, असे सुचवले. पंचांना रीत पटली. अडले ते एवढ्यावरच, की पहिल्यांदा पहिले कोण? कोपऱ्यातल्या काठ्यांकडे पुन्हा हात गेले.

“आमी दोघं,” भिवरा म्हणाली. “ह्ये धनावड्यांचे, मी उतेकरांची. आमी पयले, म्हंजे दोन्ही घरं पयली.”

यावर तिचाच बाप बाळोजी उठला. “नवरा पुढं चालनार, बायको मागं. म्हंजे पुढं धनावडेच की.”

त्याचे खोटे नव्हते. मग दोघांनी अगदी बरोबरीने चालायचे ठरले, आणि ते तिथल्या तिथे करून दाखवायचे होते. भिवराचे लग्न झाल्यापासूनचे आयुष्य नवऱ्याच्या मागून चालण्यात गेलेले. तीनदा ती चालली आणि तिन्ही वेळा तिचे पाऊल वीतभर मागे पडले. उतेकर कुजबुजू लागले. तिच्या डोळ्यांत पाणी आले, कारण आता फिसकटले तर उद्याचा दिवस तिचा या घरातला शेवटचा होता. तेव्हा रावजीने बापाच्या डोळ्यांदेखत तिचा हात धरला आणि दोघे पुन्हा चालली.

खंडोजी वाकून दोघांच्या पावलांकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, “सारखी पडत्यात.”

दुसऱ्या दिवशी सात वर्षांनी ओटी भरली गेली. भिवरा आणि रावजी मधल्या वाटेने खाली आली. बायकांच्या रांगेत शेवटी तिची आई उभी होती, तिच्या शेजारी भिवरा जाऊन उभी राहिली. आईने तिचे मनगट चाचपले आणि एवढेच म्हणाली, “वाळलीस गं.”

खंडोजी शब्दाचा पक्का. सुनेला बापाच्या दारात पोचवायचे, असे तो बोलून बसला होता, म्हणून पुनव झाल्यावर त्याने तिला रावजीबरोबर खरेच पोचवले. पाचव्या दिवशी मात्र दुसऱ्या लग्नाचे नावही न काढता तो डोक्याला पागोटे बांधून स्वतः उतेकरांच्या उंबऱ्याशी गेला आणि म्हणाला, “सून न्यायला आलोय.” आजही कुसवंड्याची सून माहेरी गेली, तर तिला आणायला सासरा स्वतः जातो.